नानांचं गिऱ्हाईक आणि माझा भरवशाचा पंप

आमच्या घरात गेल्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही. मी मात्र मागच्या मे महिन्यात एक मासा उकडला.

खाण्यासाठी नव्हे हो, प्रेमापोटी! आणि एका दिवसात नाही, चांगला तीन आठवडे, मंद आचेवर. त्यात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि उष्णता हा माझा आवडता धडा आहे (पोरांचा नाही). त्यामुळं घडलं ते अज्ञानातून घडलं असं म्हणायचीही सोय उरलेली नाही.

मासा माझा नव्हता, वडिलांचा होता. आमच्या नानांनी छावणीतल्या आपल्या दुकानात चाळीस वर्षं मोटारी भरल्या. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा जिवंत करायची, हा त्यांचा धंदा. आजोबांची इच्छा होती की मुलानं पूजा सांगाव्यात. मुलगा गंगापूरकडच्या विहिरींवरचे पंप सांगू लागला. आवाज ऐकून ते रोग ओळखायचे. पंप चालू केला की डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि म्हणायचे, "बेअरिंग गेलंय." गेलेलंच असायचं.

तर दुकान बंद करायच्या काही वर्षं आधी एक गिऱ्हाईक आलं. चार फुटी काचेची पेटी, एक मुठीएवढा पंप आणि डब्यात बोटाएवढा काळपट मासा, एवढं सगळं ठेवून म्हणालं, "पंप तेवढा बघून ठेवा, संध्याकाळी नेतो." ती संध्याकाळ अजून झालेली नाही. नानांनी आठ दिवस वाट पाहिली, पंप दुरुस्त केला आणि पेटी घरी आणली. माशाचं नावही ठेवावं लागलं नाही. "गिऱ्हाईकानं खाल्लं का?" असं नाना रोज विचारायचे, तेच नाव पडलं.

बोटाएवढं गिऱ्हाईक पाहता पाहता वीतभर झालं, मग हातभर. नाना दिसले की काचेला तोंड लावून शेपूट हलवायचं. मी दिसलो की पाठ फिरवायचं. (पंपाआधीची गोष्ट आहे ही. माशांना पुढचं कळतं असं माझं मत झालं आहे.)

नानांनी मोठ्या पेटीखाली दुसरी एक छोटी पेटी बसवली होती. वरचं पाणी गाळण्यांतून खाली उतरायचं आणि खालच्या पेटीत बुडवलेला तो मुठीएवढा पंप ते परत वर चढवायचा. रिटर्न पंप म्हणतात त्याला. अकरा वर्षं तो पंप मांजरासारखा गुरगुरत राहिला. नाना दर महिन्याला तो उघडून, पुसून परत ठेवायचे आणि आम्ही म्हणायचो, चांगल्या चाललेल्या वस्तूला कशाला हात लावतात हे?

फेब्रुवारीत नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना कळायचं सगळं, पण शब्द जिभेपर्यंत येऊन मोडायचे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येतील. आम्ही नानांची खाट समोरच्या खोलीत, पेटीला लागून टाकली. ज्या माणसानं बसून कधी चहा प्यायला नव्हता तो दिवसभर कुशीवर पडून माशाकडे बघायचा. मासाही त्यांच्याकडे बघायचा. दोघंही बिनआवाजाचे. माझी बायको वर्षा एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अहो, ते दोघं काहीतरी बोलतात. आपल्यालाच ऐकू येत नाही."

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी पंप बंद पडला. मी कॉलेजातून आलो तर गिऱ्हाईक वर येऊन तोंड उघडझाप करतंय आणि नाना डाव्या हातानं काच वाजवताहेत. घरात बुडबुडे सोडणारं एक छोटं यंत्र होतं, ते लावून वेळ निभावली. पण मी हादरलो. नानांच्या जवळ एवढं एकच चालतं-फिरतं उरलं होतं, ते जर बंद पडलं तर? मी त्यांचा डावा हात धरून शपथ घेतली, "नाना, असा पंप आणतो की पुन्हा बंद पडायचं नाव घेणार नाही!"

नानांनी मान जोरजोरात हलवली. ती आडवी हलत होती, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

मग मी अभ्यासाला बसलो. नऊ दिवस! वहीत रकाने आखले: ताकद, टिकाऊपणा, आवाज, आणि खास आपल्या गावचा उन्हाळा ध्यानात घेऊन, उष्णता. हो, उष्णतेचा रकाना होता माझ्याकडे! त्यात मी बघत होतो की कोणता पंप उष्णता सहन करतो. एका पंपाच्या खोक्यावर ठळक लिहिलं होतं, 'अतिउष्णतेपासून पूर्ण संरक्षण'. वाचून मला भरून आलं. ते संरक्षण पंपाचं होतं, माशाचं नव्हतं, ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नव्हती. फिजिक्सच्या मास्तराला ती लिहून द्यावी लागेल असं कंपनीला वाटलं नसावं.

माशांच्या दुकानातले रशीदभाई सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "सर, टंकी कित्ती बडी है?"

"चार फुटी."

"तो इत्ता बडा कैकू होना? ये तो तालाब के वास्ते है!"

"भरवसा पाहिजे, रशीदभाई. बंद पडता कामा नये."

"बंद तो नै पडता सर, मगर..."

"बस! दे दो."

त्या 'मगर'च्या पुढं काय होतं ते मी ऐकून घेतलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पंप घरी आणला तो दोन्ही हातांनी. खोक्यातून काढून नानांना दाखवला. नानांनी डोळे विस्फारले, तोंड वाकडं करून सगळा जीव एकवटला आणि म्हणाले, "हान! हान!"

तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी शब्दासारखं निघालं होतं. घरात धावपळ उडाली.

"तहान! तहान लागलीय त्यांना!" मी ओरडलो. वर्षा पेला-चमचा घेऊन धावली. नानांनी तोंड फिरवलं, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. "हान!" त्यांनी डावा हात उचलून अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं: एवढंसं.

"थोडंसंच पाजा म्हणताहेत," मी वर्षाला समजावलं. (मला खुणांची भाषा फार पटकन कळते.)

डॉक्टरांना फोन केला. तेही खूश. "तहान सांगता येऊ लागली हे चांगलं लक्षण आहे. घोट घोट पाजत राहा." मग काय, आम्ही पाजत राहिलो! नाना पंपाकडे बोट करून "हान" म्हणायचे आणि आम्ही त्यांच्या तोंडात चमचा घालायचो. एका दिवसात त्या बिचाऱ्या माणसानं जितकं पाणी प्यायलं, तितकं गिऱ्हाईकानंही आठवड्यात प्यायलं नसेल.

वर्षाला तिसऱ्या दिवशी शंका आली. "अहो, ते तहान नसेल. हाण म्हणत असतील."

"हाण? कुणाला?"

"त्यांची नजर तर तुमच्याकडेच असते."

मी ते हसण्यावारी नेलं. आज वाटतं, त्यातल्या त्यात तीच जवळ पोचली होती.

पंप लावला. बटण दाबताच पाण्याची धार पेटीचं झाकण उडवून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली! एप्रिल पूर्ण भिजला. गिऱ्हाईक धारेच्या तडाख्यानं कोपऱ्यात जाऊन चिकटलं. मी पाइपवरची चावी अर्धी, मग पाऊण बंद केली, तेव्हा कुठं पाणी शहाण्यासारखं पडू लागलं. आत पंप आपला पूर्ण जोर लावून बंद चावीला धडका देत राहिला. मी हात झटकून म्हणालो, "झालं! आता कितीही वर्षं बघायला नको."

जुना पंप मी भंगारात द्यायला काढला तर नानांनी डाव्या हातानं गच्च धरला. सोडेनात. उशाशी घेऊन झोपू लागले. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती माया असते हो जुन्या वस्तूची!" मलाही गहिवरून आलं. आम्ही दोघं गहिवरत होतो आणि तो माणूस आमच्या डोळ्यांसमोर उत्तर धरून पडला होता.

मे सुरू झाला. बाहेर बेचाळीस. पेटीत काचेवरचा तापमापक सांगत होता एकतीस, मग बत्तीस, मग तेहेतीस. "काय उन्हाळा आहे यंदा!" मी म्हणालो. गिऱ्हाईकाचं जेवण कमी झालं. ते पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागलं.

मी उपाय सुरू केले. पेटीवर टेबलफॅन लावला. खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. मग बाटल्यांत पाण्याचा बर्फ करून त्या पेटीत सोडायला लागलो. आमच्या फ्रिजमध्ये बाटल्याच बाटल्या झाल्या, दूध शेजारच्या कुलकर्णीवहिनींकडे गेलं. दोन दिवसांत माझ्या बाटल्या त्यांच्याही फ्रिजमध्ये गेल्या आणि आमचं दूध परत आलं. वरून मी बर्फ टाकत होतो आणि खाली पंप शेगडीसारखा तापत होता. एका अंगानं पंखा घालायचा आणि दुसऱ्या अंगानं चूल पेटवायची, असा तो कारभार!

कूलर नानांच्या खाटेकडे होता. एके दुपारी नानांनी डाव्या हातानं मला खूण केली, तो पेटीकडे वळव. मी नाही म्हणालो. त्यांनी काच वाजवली. पुन्हा वाजवली. शेवटी मी वळवला. त्यांची बनियन घामानं अंगाला चिकटली होती आणि ते समाधानानं माशाकडे बघत होते. माझ्या आयुष्यात मी वडिलांना कुणासाठी इतकं काही मागताना पाहिलं नव्हतं. स्वतःसाठी तर नाहीच.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. आमच्याकडे दुपारी दोन तास लाइट जायची. मी तापमानाची नोंद ठेवत होतो (वैज्ञानिक दृष्टी!), आणि वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'लाइट गेल्यावर तापमान अर्ध्या अंशानं कमी. कारण अज्ञात. झुळूक?'

झुळूक! भर मे महिन्यात, दुपारी तीनला!

अज्ञात कारणाचा शोध घेण्याऐवजी मी काय केलं? घरात इन्व्हर्टर बसवला. लाइट गेली तरी पंप बंद पडता कामा नये! त्या जिवाला दिवसातून दोन तास सुटका मिळत होती, तीही मी अशा रीतीनं बंद केली. भरवसा म्हणजे भरवसा.

नाना दिवसभर "हान, हान" म्हणायचे. मग तेही कमी झालं. नुसते बघायचे.

सांडू मिस्तरी आले ते अशा वेळी. बिडकीनचे, नानांच्या दुकानात तीस वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी मोटारी भरलेल्या. झाडाचे गावरान आंबे पिशवीत घेऊन ते पायांशी बसले आणि नानांचा हात हातात घेतला.

"हान," नाना म्हणाले.

मी सवयीनं पेला उचलला. सांडू मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. "पानी कामून देता सर?"

"तहान म्हणताहेत ना."

"तहान नाय. लहान म्हनतेत." त्यांनी नानांकडे वळून विचारलं, "व्हय ना नाना? लहान?"

नानांनी डोळे मिटले आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहिलं. मान उभी हलत होती. उभी!

"काय लहान हाय? पंप?" मिस्तरी उठले, खालच्या पेटीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. "सर, हे पानी हाय का चहा?" आणि त्यांनी पिन उपटली.

घरात शांतता पसरली. तेव्हा कुठं कळलं, तो पंप तीन आठवडे किती घुमत होता.

"येवढा दांडगा पंप या डबक्यात! सर, मोटर जेवढी लाइट खाईल तेवढी ऊब टाकंल. ती पान्यातच बसल्यावर ऊब जाईल कुठं? पान्यातच ना? वर तुम्ही चावी बी आवळून ठेवली."

मी मान खाली घातली. हा प्रश्न मी दरवर्षी सहामाहीला चार गुणांना विचारतो.

मिस्तरींनी नानांच्या उशाचा जुना पंप घेतला. खिशातून पेचकस काढला, चार स्क्रू काढले. आत क्षाराचा पांढरा थर आणि शेवाळाचा बोळा होता. लिंबू मागितलं, जुना टूथब्रश मागितला. वर्षानं दोन्ही आणून दिलं. दहा मिनिटं घासलं, धुतलं, बसवलं, पिन लावली. मांजर गुरगुरायला लागलं.

"बिघडलाच नव्हता," मिस्तरी म्हणाले. "फेब्रुवारीपासून याला कुनी साफ केलं नाय, येवढंच."

म्हणजे नाना पडले, आणि त्यांच्यामागून त्यांचा पंप पडला. बाकी काही नव्हतं.

मी चाचरत विचारलं, "पण पुन्हा बंद पडला तर? भरवशाचं काय?"

"भरवसा पायजे तर असलाच लहान दुसरा आनून फळीवर ठिवा. येक चालंल, येक धुऊन तयार. मोठा घेऊन भरवसा येत नसतो सर, हात लावून येतो."

संध्याकाळपर्यंत पाणी एकोणतीसवर आलं. गिऱ्हाईक खाली उतरलं, तोंड काचेला लावलं. नानांनी बाहेरून तिथंच बोट टेकवलं. मी दुसऱ्याच दिवशी रशीदभाईंकडून दुसरा लहान पंप आणला. त्यांनी चहा मागवला, बस्स. सज्जन माणूस.

आम्हाला वाटलं, वाचलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. नाना जागे होते, पेटीकडे तोंड करून. गिऱ्हाईक तळाशी आडवं झालं होतं. पाणी स्वच्छ, पंप चालू, सगळं बरोबर. तीन आठवड्यांची धाप त्या शरीराला भोवली होती. नानांनी काच वाजवली नव्हती. कधीपासून बघत पडले होते कोण जाणे. आता घाईचं काही उरलं नव्हतं, हे त्यांना कळलं होतं.

मी सांडू मिस्तरींना फोन केला. ते अकराच्या आत आले. आम्ही मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या शेजारी खड्डा केला आणि नानांची चाकाची खुर्ची तिथं नेली. पुरोहितांचं घराणं आमचं, पण माशाला काय म्हणायचं ते कुणाला माहीत?

"सुतक असतं का हो?" वर्षानं कुजबुजत विचारलं.

"मला काय माहीत? मी मारणाऱ्या पक्षाकडून आहे."

ती हसली आणि लगेच रडली. मिस्तरींनी गिऱ्हाईकाला नानांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून खाली ठेवलं. नानांनी डाव्या मुठीत माती घेतली. निम्मी माती त्यांच्याच मांडीवर सांडली. झटका आल्यापासून ते स्वतःसाठी एकदाही रडले नव्हते. आता रडत होते, आवाज न करता, एकाच बाजूचा चेहरा आक्रसून.

माझा बांध फुटला. मी त्यांच्या पायांशी बसलो. "नाना, चुकलं माझं. तुम्ही रोज सांगत होतात. मला कळलं नाही हो. तुम्हाला नुसतं पाणी पाजत राहिलो."

नानांनी माझ्याकडे बघितलं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मातीसकट. ओठ हलले. एकदा, दोनदा. घशातून घरघर आली आणि मग, अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले,

"गाढवा!"

वर्षाच्या हातातला तांब्या पडला. "बोलले! नाना बोलले!"

"लई साफ बोलले!" मिस्तरी डोळे पुसत म्हणाले. "येकबी अक्षर सुटलं नाय!"

मी तिथंच बसून हसत होतो आणि रडत होतो, आणि डोक्यावरची माती कपाळावर उतरत होती.

पेटी अजून आहे. पाणी आहे, मासा नाही. नवा आणायचा विषय काढला की नाना मान आडवी हलवतात, आणि आता मी आडवीला आडवीच म्हणतो. पंप मात्र ते बंद करू देत नाहीत. तो गुरगुरत असतो आणि ते ऐकत असतात. दर महिन्याला मी खाटेशेजारी बसून तो उघडतो आणि ते बोटानं दाखवतात, इथं राहिलं, तिथं राहिलं.

बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार छान! रागाचे, मायेचे शब्द आधी परत येतात. जो आला तो रोज दहा वेळा म्हणून घ्या." म्हणून रोज सकाळी वर्षा मला नानांसमोर उभं करते आणि विचारते, "नाना, हे कोण?" माझं नाव अजून त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. पण मी कोण आहे, ते मात्र नाना दहाच्या दहा वेळा अगदी स्पष्ट सांगतात.